आढीच्या खोलीतले मोकळे हात

एप्रिल संपायला आला की मी नखं कापते. एरवीही कापतेच, पण ही वेगळी. अगदी मुळापर्यंत, बोटाला जरा हुळहुळेल इतकी. मग बोटांची टोकं गालावरून फिरवून बघते. गालाला टोचलं नाही तर आंब्याला टोचणार नाही, हे माझ्या काकीचं माप. बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर पेपर पसरून, शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली मी बाई गालावर बोटं फिरवत बसलेली असते आणि नवरा दरवर्षी तेच विचारतो, “दादाचा फोन आला वाटतं?”

फोन आलेला असतोच. एडवणला माझ्या माहेरची वाडी आहे, हापूसची बावीस झाडं आणि कडेने थोडी पायरी. दादा फोनवर फार बोलत नाही. “पिशव्या उघडून बघितल्या. मंगळवारपासून काढू,” एवढंच सांगतो आणि ठेवून देतो. हल्ली आंबा अंड्याएवढा झाला की त्याला कागदाची पिशवी घालतात. माशी लागत नाही, ऊन पोळत नाही, फांदी घासत नाही. बावीस झाडांवर तपकिरी पिशव्या लटकलेल्या बघून मला तपासायचे राहिलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आठवतात.

नखं झाली की मी कपाटातून दोन पट्ट्या काढते. जुन्या सुती साडीच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, चार बोटं रुंद. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि त्यांवरून ही पट्टी घट्ट गुंडाळायची. आमच्याकडे आढीच्या, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालायच्या, खोलीत जाणाऱ्या प्रत्येक सवाष्णीने हे करायचं असतं. काचेची बांगडी आंब्याला लागली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी, साल पिवळी व्हायला लागली की नेमकी तिथे काळी रेघ उमटते. आणि सवाष्णीने बांगड्या काढायच्या नाहीत. म्हणून पट्टी.

आंबा वरून दणकट दिसतो, पण त्याची साल फार मानी असते. झाडावरून काढताना देठ दोन बोटं ठेवूनच काढायचा. देठ मुळातून तुटला की चीक उडतो, पाण्यासारखा पातळ, आणि जिथे ओघळतो तिथे साल जळते. माणसाचीही जळते. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या गालावर असा एक डाग होता. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांना तो असतो. चुकून देठ तुटलाच तर आंबा लगेच तोंड खाली करून पोत्यावर ठेवायचा, चीक मातीत जाऊ द्यायचा, मग चुन्याच्या निवळीत धुवायचा. करंडीत पेंढा घालायचा. करंडी टेकवायची, आपटायची नाही. आंबा फेकून कुणी झेलला तर नाना जेवायचे नाहीत. शिव्या देणं त्यांना जमायचं नाही, उपाशी राहणं जमायचं.

आणि हे सगळं सांभाळून आंबा घरात आला की तो काकीचा.

काकी म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको. काका गेले तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून काकीचे हात मोकळे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, लग्नात ती मागच्या पडवीत भाजी चिरत बसे, कुणी प्रवासाला निघालं की ती आपण होऊन आतल्या खोलीत जाई. पण मे महिन्यात त्या घरात काकीच्या शब्दापुढे कुणाचा शब्द चालत नसे. तिच्या मनगटांवर काहीच नव्हतं, त्यामुळे आंबे लावायला, उलटायला, निवडायला तिच्याइतके चांगले हात आळीत कुणाचे नव्हते. दोन आंब्यांच्या मधून तिचा हात असा जाई की पेंढाही हलत नसे. सवाष्णी पट्ट्या बांधून दाराशी करंड्या आणून ठेवत. उंबऱ्याच्या आत काकी. “पाय पुसून या गो. आंबो झोपलाय,” ती दबक्या आवाजात म्हणायची. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. अकरा महिने जिला मागच्या दाराने वावरावं लागायचं, ती एक महिना पुढच्या दाराने लोकांना आत घ्यायची, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. पालघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आले होते आणि मला सगळं कळत होतं. चिकात काय असतं, चुन्याने तो का निवळतो, हे मी नानांना समजावून सांगायची आणि ते “हो का” म्हणायचे. आंबा कधी नव्हे इतका धरला होता. आणि नेमकी काढणीच्या पहिल्या दिवशी काकी तापाने पडली. हुडहुडी भरून, दोन घोंगड्यांखाली. आढीची खोली आईकडे आली.

आईच्या दोन्ही हातांत सात-सात हिरव्या बांगड्या होत्या. तिने पट्ट्या बांधल्या, पण तिला त्या कामाची सवय नव्हती. खोलीत वारा नाही, घामाने पट्टी भिजून खाली यायची, तिच्याखालून बांगड्या यायच्या. ती दर दोन मिनिटांनी हात वर करून पट्टी सरकवायची. एकदा बांगडी आंब्यावरून ओढली गेली. तिने तो आंबा उजेडात नेऊन बघितला, पदराने पुसला, पुन्हा बघितला. “नाना काय बोलायचे नाय, पण जेवायचे बी नाय,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा मी म्हणाले, “काढून ठेव ना गं आई. काच ती. काचेचा आणि नानांच्या आयुष्याचा काय संबंध?”

वाक्य असंच्या असं आठवतं, कारण मला ते बोलल्याबरोबर आवडलं होतं. वर्गात टाळ्या पडतील असं वाक्य.

आईने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “कोणी बघायचं नाय ना?” मागच्या मोरीवर मी साबण लावून तिच्या बांगड्या उतरवल्या. एकही वाढवू दिली नाही, याचा मला अभिमान वाटला. चौदा बांगड्या पितळेच्या वाटीत घालून मी ती आढीच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. आईने दोन्ही हात पुढे धरून हलवून पाहिले आणि ती हसली. “किती हलकं वाटतं गो मिने,” असं म्हणाली. त्या दिवशी तिने दुपारपर्यंत सगळी खोली लावून संपवली. संध्याकाळी बांगड्या घालायच्या होत्या, पण उद्या पुन्हा काढाव्या लागणार म्हणून राहिल्या. पदर हातावर ओढून ती घरात वावरली. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना विहिरीजवळच्या झाडावरून पडले.

शेंड्याला वीस-पंचवीस आंबे राहिले होते. झेला, म्हणजे काठीला पातं आणि जाळी लावलेलं आमचं आंबे काढायचं साधन, तिथवर पोचत नव्हता. गडी म्हणाला, फांदी हलवू या, खाली गोणपाट धरतो. नानांना ते पटणं शक्यच नव्हतं. ते झेला घेऊन वर चढले, दवाने फांदी ओली होती. खाली विहिरीचा कठडा होता. टेम्पोतून पालघरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. झेला वर फांदीलाच अडकून राहिला, जाळीत चार आंबे तसेच. तेरा दिवस तो कुणी काढला नाही. ते आंबे तिथेच पिकले आणि त्यांचा वास विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला यायचा. मला अजून येतो. बोईसरच्या बाजारात पाटी उतरली आणि तसा वास आला की मी पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीने जाते.

नानांना स्मशानात न्यायच्या आधी आळीतल्या बायका आईला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होते. एका म्हातारीने आईचा हात बांगड्या वाढवायला म्हणून हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. दुसरा हात बघितला. वाढवायला काही नव्हतंच.

“हात मोकळे?” ती म्हणाली. “कधी काढल्यास गो?”

 आईने मान वर केली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “नवरा जिता असताना काढल्या?” 

तेवढ्यात आतून काकी आली. दोन दिवस अन्न नव्हतं तिच्या पोटात, भिंतीला धरून चालत होती. अंगावर घोंगडी होती. ती म्हणाली, “मी काढाय लावल्या. आंब्याला लागतात म्हणून. ती नको बोलत होती.”

सगळ्या बायका काकीकडे बघायला लागल्या. मी तांब्या धरून उभी होते.  एक पाऊल पुढे टाकून एक वाक्य बोलायचं होतं, आणि वाक्यं बोलण्यात तर मी हुशार होते.

मी बोलले नाही.

पुढचं फार लवकर ठरलं. स्वतःचं कुंकू गेलं ते गेलं, जावेचंही घालवलं, असं आळीत बोललं जाऊ लागलं. हळदीकुंकवाला तर तिला बोलावणं नव्हतंच, आता पापड लाटायला बोलावणंही बंद झालं. समोरून काकी आली की एक-दोघी अपशकुन टळावा म्हणून चप्पल काढून पुन्हा घालायच्या. आईने कधी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी लग्नाची होते.

एकदा, वर्षभराने, मी काकीपाशी गेले. म्हणाले, “काकी, मी सगळ्यांना सांगते.”

ती डागी आंबे वेगळे करत होती. डागी आंबे बाजारात जात नाहीत, त्यांचा आमरस होतो नाहीतर लोणचं. हातातला एक तिने मला दाखवला. “याला हा डाग हाय ना? आता आणखी एक पडला तर काय बिघडलं याचं? तो पेटीत जायचाच नाय.” मग पेंढ्यातला एक चांगला उचलून म्हणाली, “हा मात्र जपायला लागतो. तू गप रा, मिने.”

मी गप्प राहिले. तेव्हा वय लहान होतं असं म्हणू, पण नंतर? लग्न झालं, बोईसरला आले, नोकरी लागली, ऋचा झाली. नंतर मला गप्प राहायला कुणी सांगितलं होतं? दर मे महिन्यात मी एडवणला गेले, पट्ट्या बांधल्या, काकीच्या शेजारी बसले, आणि दर जूनमध्ये न बोलता परत आले. वर्गात मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला देते आणि स्वतः मनगटाला फडकी बांधते. काच आणि आयुष्य यांचा संबंध नाही हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. तरीही कुणा सवाष्णीचा मोकळा हात आंब्याच्या ढिगाकडे जाताना दिसला की माझ्या अंगावर काटा येतो. दांडी गावची एक कोळीण आमच्या कोपऱ्यावर मासे विकते. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, त्यांवर खवले चिकटलेले, आणि ती बोलत बोलत सपासप कापत असते. मी बघत राहते. “काय बगता बाय?” ती विचारते. मी म्हणते, बांगड्या छान आहेत.

नाना गेल्यानंतरच्या मे महिन्यात आई आढीच्या खोलीत आली तेव्हा तिला पट्टी बांधायची गरज नव्हती. दारात ती घुटमळली. काकीने वर न बघता स्वतःची जागा सरकवून दिली. “ये. हय वारा येतो,” म्हणाली. त्यानंतर वीसेक वर्षं त्या दोघी तिथे समोरासमोर बसल्या. चार मोकळे हात पेंढ्यातून फिरायचे आणि बांगड्यांचा आवाज अजिबात नसायचा. लोक म्हणायचे, यांच्या आंब्यावर डाग म्हणून सापडत नाही. खरंच सापडत नसे. आई गेली तेव्हा काकी सगळ्यांत जास्त रडली, आणि तेही लोकांनी ढोंग म्हणून मोजलं.

गेल्या पौषात काकी गेली. तेराव्याला जेवणावळीत बायका म्हणत होत्या, “चांगली होती बिचारी, पण…” त्या ‘पण’पुढे कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. मी वाढत होते. भात वाढला, वरण वाढलं आणि पुढे गेले.

यंदाची ही तिच्याविना पहिली काढणी. मंगळवारी पहाटे मी आणि ऋचा निघालो. डिसेंबरात ऋचाचं लग्न झालं, पुण्याला असते, चार दिवस सुट्टी काढून आली होती. वाटेत तारापूरकडून वारा आला, गाडीच्या काचा लावून घेतल्या तरी तो कारखान्यांचा आंबूस वास आत आलाच. एडवणला पोचलो तेव्हा समुद्राचा वारा होता आणि झाडांखाली करंड्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट मांडलेले होते. दादा आता गड्यांना झाडावर चढू देत नाही. विहिरीजवळच्या झाडाचा शेंडा त्याने दोनदा छाटून घेतलाय.

खोलीत मी, वहिनी आणि ऋचा. वहिनी म्हणजे दादाची बायको. नाना गेल्यावर तीन वर्षांनी ती या घरात आली, त्यामुळे तिला ठाऊक आहे ते आळीने सांगितलेलं. तिने पट्ट्या बांधल्या, मी बांधल्या. ऋचाने मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि मोकळ्या हातांनी क्रेटसमोर बसली.

“तू नाय बांधायचीस?” वहिनीने विचारलं.

“मी बांगड्या घालतच नाही मामी. बरंय ना? आंबे सुरक्षित.” ती हसली. तिने आंबा उचलला. हात छान होता, हलका. काकीने तिला लहानपणी शिकवलं होतं. मी तिच्या मनगटांवरून नजर काढून घेतली.

वहिनी उठली आणि कोनाड्यातून एक पुडकं घेऊन आली. “काकींच्या ट्रंकेत सापडलं हे. बघ तर.” पेंढ्यात, आंबा ठेवावा तशा, एकेक वेगळ्या ठेवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मी मोजल्या नाहीत. खिडकीतली पितळेची वाटी नाना गेले त्या दिवसानंतर मला कधी दिसली नव्हती. “त्यांच्या लग्नातल्या असतील,” वहिनी म्हणाली. “स्वतःच्या जपून ठेवल्यान, आणि आमच्या सासूबाईंच्या मात्र काढाय लावल्यान. तिसऱ्या दिवशी नाना गेले. म्हणून सांगते ऋचा, तू निदान एकेक तरी घाल. मी मानते असं नाय, पण बघितलंय ना या घराने.”

ऋचा आंबा हातात धरून तशीच थांबली. “काकीआजीने? का पण?”

काकी असती तर आत्ताही म्हणाली असती, तू गप रा. त्या कोपऱ्यात तिची जागा तशीच होती, खिडकीखाली, वाऱ्याच्या वाटेवर. तिथे आम्ही तिघींपैकी कुणीच बसलो नव्हतो आणि हे कुणी ठरवलंही नव्हतं.

“त्या काकीच्या नाहीत,” मी म्हणाले. “आईच्या आहेत. मी काढल्या होत्या. मोरीवर, साबण लावून. आई नको म्हणाली नव्हती, पण तिला सुचलंही नसतं. मी सांगितलं. काकी तापाने पडली होती, तिला तर माहीतही नव्हतं. माझ्यावर येऊ नये म्हणून ती खोटं बोलली, आणि मी बोलू दिलं.”

आवाज माझाच होता, पण वर्गातला नव्हता. बाहेर दादा कुणाला तरी देठ लांब ठेवायला सांगत होता. वहिनीने पुडक्यातला पेंढा सारखा केला. मग खूप हळू म्हणाली, “तेराव्याला मीच बोलले होते ताई. चांगली होती पण, असं. मीच बोलले होते पहिल्यांदा.”

“ठाऊक आहे,” मी म्हणाले. “मी भात वाढत होते.”

ती उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने दादाचा आवाज थांबला. ती त्याला सांगत असावी. संध्याकाळपर्यंत आळीत जाईल, जाऊ दे. उशिराच जातंय. काकीला त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. जिचं तिला द्यायचं ती नसताना दिलं, असं हे झालं. मी पेंढ्यात हात घालून बसून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी आंब्यांवर पडू नये म्हणून मान बाजूला केली.

ऋचाने हातातला आंबा जागेवर ठेवला, देठ वर करून.  चूक कुणाची, काचेचा काय संबंध, असं काहीच तिने विचारलं नाही. तिचंही वय सगळं कळण्याचं आहे. माझ्या पिशवीतून तिने जास्तीची पट्टी शोधून काढली आणि मोकळा हात माझ्यापुढे धरला.

“बांध,” म्हणाली.

“आत काही नाहीये गं.”

“असू दे.”

मी बांधली. काहीच नसलेल्या मनगटावर दोन वेढे दिले आणि गाठ पट्टीच्या आत खोचली, आंब्याला लागू नये म्हणून.